जमनाबाईची चिप

दारव्ह्याच्या बसस्टँडसमोरच्या ओळीत माझं दुकान आहे. पाटीवर 'मोबाईल रिपेअरिंग' लिहिलंय, पण रिपेअरिंग मला बेताचंच येतं. लोक मला ओळखत आले ते चिपवाला म्हणून. दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला की तुमच्या धंद्यावर लिहा, तेव्हा बायको म्हणाली, बुडालेल्या धंद्यावर कोण वाचणार? पण मला एका बाईबद्दल लिहायचंच होतं, आणि तिच्याबद्दल लिहायचं तर धंदा आधी सांगावा लागतो.

चिप म्हणजे नखाएवढं मेमरी कार्ड. बटणाच्या फोनाचं मागचं झाकण काढून ते आत सरकवायचं. नेट तेव्हा महाग होतं आणि तांड्या-वाड्यांवर रेंजही नसायची. मग माणसं बाजाराच्या दिवशी चिप घेऊन माझ्याकडे यायची. मी ती कॉम्प्युटरला लावायचो, जुनं पुसायचो, नवी गाणी, सिनेमे, गमतीचे व्हिडिओ भरून द्यायचो. पुढचे आठ-पंधरा दिवस घरदार तेच बघायचं. हे काम कायद्यात बसत नव्हतं, हे कबूल करतो. मलाही ठाऊक होतं आणि दर महिन्याला मारामारीचे सिनेमे भरून नेणाऱ्या एका पोलिसदादालाही ठाऊक होतं.

बाहेरच्याला वाटेल, यात कसली अक्कल? इकडचं उचलायचं, तिकडं टाकायचं. पण गिऱ्हाईक काय मागतं ते ऐका. "भाऊ, चांगलं चांगलं टाक." एवढंच. आता कोणाचं चांगलं कशात आहे ते मी ओळखायचं. घरी फोन कोणाच्या हातात असतो, सासू-सून एकत्र बसून बघतात का, लग्न नवं आहे की जुनं, हे सगळं बोलता बोलता काढून घ्यायचो. घरात गमी झाली असेल तर त्या वेळी नाचगाणं टाकायचं नाही, भजनं टाकायची, आणि दोन महिन्यांनी हळूच एखादा विनोदी सिनेमा. माणूस परत आला की काय आवडलं, काय नाही हे विचारायचं आणि लक्षात ठेवायचं. कॉम्प्युटरवर मी प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर केला होता. त्या फोल्डरांचा मला भारी अभिमान होता, अजूनही आहे.

एक रिटायर मास्तर होते. त्यांना कीर्तनं लागत. कीर्तनं भरून झाली की ते खुर्ची पुढे ओढत आणि आवाज खाली करून म्हणत, "दोन-चार लावण्या बी टाक. फोल्डरचं नाव मात्र कीर्तनच ठेवजो." मी ठेवत असे. मास्तरीणबाईंना घरात कीर्तन ऐकायची भारी हौस आहे हे मला फार उशिरा कळलं. मास्तर पंधरा दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत, आले तेव्हा तक्रारही केली नाही. फक्त म्हणाले की आता नुसतं कीर्तनच टाक.

दुसरा गजानन, बाभुळगावकडचा, सासुरवाडीला म्हणून दारव्ह्याला यायचा. त्याला सिनेमा नको, गाणं नको. त्याला चिखलात रुतलेले ट्रॅक्टर बाहेर काढतानाचे व्हिडिओ हवे असत. का, ते त्यालाही सांगता येत नसे. मी कुठून कुठून शोधून त्याच्यासाठी पंधरा ट्रॅक्टर जमवून ठेवायचो, आणि तो लग्नाचा आहेर घ्यावा तशी दोन्ही हातांनी चिप घ्यायचा.

मग नेट स्वस्त झालं. टच फोन आले. त्यातलं ते व्हिडिओचं ॲप आलं, जे उघडलं की आपण काही न मागता समोर वाढून ठेवतं. चिप भरायला येणारी माणसं एका हंगामात निम्मी झाली आणि पुढच्या हंगामात उरलीच नाहीत. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. माझं दहा वर्षांचं ज्ञान त्या ॲपनं दोन दिवसांत मिळवलं होतं, तेही कोणाला न विचारता, कोणाला चहा न पाजता. गजानन एकदा असाच दुकानात येऊन बसला. मी म्हटलं, आता तर तुझी मजा आहे, हवे तेवढे ट्रॅक्टर. तो म्हणाला, "भाऊ, चिपीत पंधरा राहत होते. पंधरा निघाले का मी झोपत होतो. हे सरतच नाही. मी थांबू कुठं?" तेव्हा मी हसलो होतो. चिपीचं सरणं हा तिचा गुण होता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आता जमनाबाई.

दारव्ह्यापासून थोड्या अंतरावर तिचा तांडा. बंजारा बाई, वय साठीच्या पुढचं, घरची थोडी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर. बाजाराला आली की चिप ओढणीच्या टोकाच्या गाठीत बांधलेली असायची. गाठ सोडायला तिला वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात ती मागच्या चिपीचा हिशोब द्यायची. बैलांच्या शंकरपटाच्या शर्यतीचा व्हिडिओ चांगला होता. तो पोट धरून हसवणारा माणूस चांगला होता. एकदा मी एक कौटुंबिक सिनेमा टाकला, तर म्हणाली, "ते रडणारी बाई नको टाकू भिया. रडाले घरी काय कमी हाये?" भिया म्हणजे बंजाऱ्यांच्या गोर बोलीत भाऊ. मी तिला याडी म्हणायचो, म्हणजे आई. नात्याचा मेळ बसत नव्हता, पण आमच्या दोघांचं त्यावाचून काही अडलं नाही.

तिला सगळ्यात जास्त लागायच्या त्या लेंग्या. लेंगी म्हणजे होळीला तांड्यात डफावर म्हणतात ती गाणी. तिचा नवरा धनसिंग तांड्यातला चांगला लेंगी म्हणणारा होता. एका होळीला तिनं मला तांड्यावर बोलावलं होतं. धनसिंगनं म्हटलेली एक लेंगी मी माझ्या फोनात रेकॉर्ड केली. मागून डफ, मध्ये एका कुत्र्याचं भुंकणं आणि शेवटी धनसिंगचा खोकला, असं सगळं त्यात आहे. पुढच्या पावसाळ्यात धनसिंग गेला. तेव्हापासून जमनाबाईच्या प्रत्येक चिपीत मी ती लेंगी सगळ्यात वर, पहिल्या नंबरला टाकू लागलो. तिला वाचता येत नव्हतं. पण पहिलं बटण दाबलं की नवरा गातो, हे तिला पाठ होतं.

मुलगा पुण्याला कंपनीत लागला आणि त्यानं आईसाठी टच फोन पाठवला. सून ललिता तो घेऊन जमनाबाईबरोबर दुकानात आली. आणि इथं माझी चूक झाली.

टच फोन चालू करायचा तर तो आधी ई-मेलचा पत्ता मागतो. आमच्याकडच्या लोकांकडे कुठला ई-मेल? नवा काढून द्यावा तर पासवर्ड विसरतात, नंबर बदलतात, मग फोन अडकून बसतो आणि माणूस माझ्या डोक्यावर. म्हणून मी एक सोपी वाट काढली होती. माझा स्वतःचाच ई-मेल टाकायचा. आमच्या भागात बरेच दुकानदार असं करत. माझ्या एका पत्त्यावर तीस-चाळीस फोन चालू होते. अडचण एवढीच, की त्या व्हिडिओच्या ॲपला ही सगळी मिळून एकच माणूस वाटायची. एकानं काही बघितलं की त्यातलं दुसऱ्याच्या फोनात उगवायचं. गजानन तक्रार घेऊन आला की माझ्या फोनात बायका नाचून राह्यल्या. मी समजलो, मास्तर कीर्तनावर काही टिकले नाहीत. मास्तरांनी विचारलं, हे ट्रॅक्टर कोणाचे? मी पोट दुखेपर्यंत हसलो आणि ज्यानं ज्यानं तक्रार केली त्याला वेगळा ई-मेल काढून दिला. असं करता करता सगळे गेले. तक्रार केली नाही ती एकट्या जमनाबाईनं. त्या पत्त्यावर शेवटी आम्ही दोघंच उरलो, ती आणि मी.

मला ते ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. दुपारी दुकानात माशा मारत बसलो असताना ॲप उघडलं की लेंग्या दिसायच्या, शंकरपटाचे बैल दिसायचे. बघितलेल्या व्हिडिओच्या खाली लाल रेघ येते. ती रेघ दिसली की समजायचं, याडी बरी आहे, बसून बैल बघते आहे. ती बाजाराला यायची कमी झाली होती, कारण चिप भरायचं निमित्तच उरलं नव्हतं. मी त्या रेघांवर समाधान मानलं.

मग मला शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि त्या जन्मभर घ्याव्या लागतील असं सांगितलं. जन्मभर हा शब्द मला झोंबला. मी त्या ॲपमध्ये 'शुगर' एवढंच शोधलं. सुरुवातीला साधे डॉक्टर आले, पथ्यपाणी सांगणारे. मग एक दाढीवाला माणूस आला, म्हणाला गोळ्या म्हणजे विष, या पाल्याचा काढा घ्या, तीन महिन्यांत गोळ्या बंद. मी तो पूर्ण बघितला. दुसऱ्या दिवशी तसे चार आले. तेही बघितले. त्यांच्यावर माझा विश्वास होता असं नाही. पण ते खरं असावं असं फार वाटत होतं, आणि तेवढ्यासाठी माणूस शेवटपर्यंत बघतो. गोळी मात्र माझी एकही चुकली नाही, कारण बायको ती ताटात, भाताच्या बाजूला ठेवायची आणि मी गिळेपर्यंत समोरून हलायची नाही.

या व्हिडिओंच्या गर्दीत माझ्या फोनातल्या लेंग्या कमी होत गेल्या. बैलही दिसेनासे झाले. काढ्याचे असे व्हिडिओ दिसू लागले जे मी बघितल्याचं मला आठवत नव्हतं, आणि तरी त्यांच्याखाली लाल रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, मीच बघितले असतील आणि विसरलो असेन. वय झालं, असं म्हणून मी पुढे सरकलो. आयुष्यभर गिऱ्हाइकांची आवड ओळखण्याची फुशारकी मारली आणि ती रेघ मला ओळखता आली नाही. याचं दुःख मी कोणाला सांगितलं तर लोक म्हणतात, त्यात तुमचा काय दोष? बरं वाटावं म्हणून म्हणतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत ललिता चार्जर घ्यायला दुकानात आली. मी सहज विचारलं, याडी कशी आहे? ती म्हणाली की यवतमाळला दवाखान्यात आहे. वेचणीत पायाला पऱ्हाटीचा खुंट लागला, जखम चिघळली, आणि डॉक्टरांनी पाय घोट्याच्या वरून कापला. जमनाबाईला शुगर आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. गोळ्या चालू होत्या का, असं मी विचारलं. सहा-सात महिन्यांपासून बंद होत्या. ललितानं पुष्कळ समजावलं होतं. पण सासू ऐकायला तयार नव्हती, ती कुठल्याशा पाल्याचा काढा उकळून पीत होती.

माझ्या हातातला चार्जर मी तिला न देताच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं यवतमाळला गेलो. वॉर्डात जमनाबाई भिंतीला टेकून बसली होती, पायावर चादर. मला बघून तिला बरं वाटलं, हे तिच्या तोंडावर दिसलं. तिनं बायकोची विचारपूस केली, दुकान कसं चाललंय ते विचारलं. मला दम धरवला नाही. मी विचारलं, "याडी, गोळ्या काहून सोडल्या तू?"

ती म्हणाली, "तूच तं सांगतलं."

"मी कधी सांगतलं?"

"फोनात. रोज तं टाकून राह्यला होता तू. एक झाला का दुसरा, दुसरा झाला का तिसरा. मले वाटलं, भियाले माह्या शुगरचं कोनीतरी सांगतलं, म्हणून तो शोधून शोधून भरून राह्यला. तू टाकलेलं अर्ध्यातून कशी सोडू? पुरं पाहत होती मी."

ललिता बाजूलाच उभी होती. तिनं तोंड फिरवलं.

मी तिला समजावून सांगायला लागलो. आता फोनात मी काही टाकत नाही, ते यंत्र टाकतं. चिपीचे दिवस गेले. मी माझ्या शुगरसाठी माझ्या फोनात जे बघत होतो, तेच तुझ्या फोनात येत होतं, कारण तुझा फोन मी माझ्याच नावानं चालू करून दिला होता. हे सगळं मी तिला एकदा सांगितलं, मग पुन्हा दुसऱ्या शब्दांत सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"ते यंत्र मले ओळखते काय?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग कायले टाकते?"

पुढे पुष्कळ शिकल्या-सवरल्या लोकांना मी तो प्रश्न विचारला, त्यांनी दिलेली उत्तरं जमनाबाईला सांगण्यासारखी नव्हती. मी खाली बघत होतो. मला वाटलं आता ती रागावेल, निदान ललिता तरी बोलेल. पण जमनाबाईच्या डोक्यात भलतंच चाललं होतं.

"तुले बी शुगर हाये?" ती म्हणाली. "बोलला नाही कधी."

मी मान हलवली.

"गोळ्या खाते ना तू?"

एक पाय कापलेल्या बाईसमोर हो म्हणायला जीभ उचलत नव्हती. पण खोटं तरी काय बोलू? मी म्हटलं, "खातो."

"खाजो," ती म्हणाली आणि चादर सारखी केली.

परत आलो तो तडक दुकानात. कपाटातून जुना बटणाचा फोन काढला. कॉम्प्युटर कित्येक दिवसांत चालू केला नव्हता, तो रडतखडत चालू झाला. 'जमनाबाई तांडा' हा फोल्डर तसाच होता. मी नवी चिप घेतली आणि भरली. पहिल्या नंबरला धनसिंगची लेंगी, मग बैल, मग तो हसवणारा माणूस. रडणारी बाई नाही. दोन दिवसांनी तो फोन तिच्या हातात दिला. तिनं झाकणावरून बोट फिरवलं, पहिलं बटण दाबलं आणि वॉर्डात डफ वाजायला लागला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, कोण म्हणून राह्यलं? जमनाबाई म्हणाली, "माहा माणूस." पुढे खोकला आला तेव्हा तिनं, तो समोर असल्यासारखं, हातानं थांब अशी खूण केली. टच फोन हाती आला तसा जुना फोन चिपीसकट कुठं हरवला, आणि तेव्हापासून तिनं ती लेंगी एकदाही ऐकली नव्हती. तो समोर जे आणतो ते ती बघत राहिली, आणि धनसिंग त्यानं कधी आणला नाही. कुठून आणणार? तो एका फोल्डरमध्ये होता आणि तो फोल्डर माझ्याकडे होता.

ती तांड्यावर परत आली, पण दुखणं वर चढत गेलं. होळीला महिना राहिला असताना गेली. मी मातीला गेलो होतो. कोणी मला काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

पुढे ललिता टच फोन घेऊन आली. तिला तो स्वतःला वापरायचा होता. मी तिला खुर्चीवर बसवलं, तिच्या नावाचा ई-मेल काढला, पासवर्ड तिच्याच हातानं कागदावर लिहायला लावला आणि माझा पत्ता त्या फोनातून काढून टाकला. आता दुकानात कोणी नवा फोन घेऊन आला की मी तासभर घालवतो, पण दुसऱ्याच्या नावावर चालू करत नाही. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे. त्या ॲपमध्ये नको ते कसं हटवायचं, हेही मी बोट धरून शिकवतो. आणि शेवटी सांगतो की यात जे येतं ते मी टाकत नाही. माणसं हसतात, म्हणतात, ते आम्हाले माहीत हाये. मी तरी सांगतो.

माझ्या पत्त्यावर आता मी एकटाच आहे. काढ्यावाले सगळे मी एकेक करून हटवले, ते पुन्हा आले नाहीत. मात्र होळी जवळ आली तशा माझ्या फोनात लेंग्या यायला लागल्या. आधी एक, मग चार, मग सगळा पडदाच लेंग्यांचा. दर होळीला या पत्त्यावरचं माणूस लेंग्या बघतं, एवढं त्या यंत्राच्या लक्षात होतं. आम्हा दोघांतलं एक माणूस कमी झालंय, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मला गोर बोली अर्धीच समजते. पण दुपारी गोळी घेतली की मी दुकानात बसून त्या लेंग्या बघतो. एकही अर्ध्यातून सोडत नाही, रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ देतो. सोडल्या तर त्या यायच्या बंद होतील.